एमजीबी १८००: तेल गरम झालं की बिग एंडची ठकठक, उपाय सापडला

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार; बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकशाफ्टवर बसणारं टोक. थंड इंजिन शांत. पण छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्यावर मे महिन्यात तेल तापलं की ३००० आरपीएमला रेस सोडताना ठकठक आणि ऑइल प्रेशर खाली. नवे शेल (बिग एंडमधल्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या), जाड तेल, सगळं झालं. आवाज आठवड्यात परत. डोकं उठलं होतं.

मूळ दोष: जुन्या रॉडचे बोल्ट कायमचे ताणलेले, बिग एंडचं भोक अंडाकृती.

फोर्ज्ड एच-बीम (आडवा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा) रॉड घ्या, ६.५ इंच लांबीचे. पिस्टन पिनचा व्यास इंजिन-मालिकेनुसार बदलतो, तो मोजूनच ऑर्डर करा.

आधी शेल न घालता कॅप (बिग एंडचा बोल्टने बसणारा अर्धा भाग) पूर्ण आवळा, बोअर गेजने भोक तीन दिशांनी मोजा. ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर होनिंग, म्हणजे भोक घासून गोल करणं. (वाळूजला हे काम नीट होतं, फक्त समोर उभं राहून मोजून घ्या.) मग शेल बसवून क्रँकशी अंतर साधारण ०.०५ मिमी. दोन्ही टोकं वेगवेगळी तोलून चारही रॉड एका ग्रॅमच्या आत आणा.

बोल्टला रॉडसोबतचं ल्युब्रिकंट लावा आणि टॉर्कवर (पान्याने मोजलेल्या पिळाच्या जोरावर) विसंबू नका: बोल्ट किती ताणला ते स्ट्रेच गेजने बघा, आकडा रॉडच्या कागदावर असतो.

ऑइल संप (इंजिनखालची तेलाची टाकी) लावण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. एच-बीम रुंद असतो, ब्लॉकच्या कडेला आणि कॅमशाफ्टला घासू शकतो, १.५ मिमी जागा हवीच.