पोतं फोडण्याआधी: धान्यगट कसा चालवावा, एका मापाड्याच्या वहीतून

गेली सहा वर्षं मी आमच्या धान्यगटाचा मापाडी आहे. बारा घरं मिळून पोत्याने धान्य आणतो आणि आपसात वाटून घेतो. महिन्यातून एक वाटपाचा दिवस, एक वजनकाटा आणि एक वही. गट कसा सुरू करायचा असं बरेच जण विचारतात. त्यांना आधी नोंदणीचं, ॲपचं, नाहीतर गटाच्या नावाचं ठरवायचं असतं. मी विचारतो, काटा कोणता घेणार? माल महाग पडला म्हणून मोडलेला गट मी अजून पाहिलेला नाही. शंभर-दोनशे ग्रॅमवरून मोडलेले तीन पाहिले, आणि चौथा माझ्याच हातून मोडता मोडता राहिला.

आमचं पहिलं वाटप होतं. तांदळाचं पन्नास किलोचं पोतं, बारा पिशव्या, कोणाची दोन किलोची, कोणाची सहाची. मी खुशीत होतो. पिशवी काट्यावर बरोबर भरली की ‘असू दे’ म्हणत वर एक मूठ टाकायचो. लोकही खूश. शेवटची पिशवी एका आजींची होती, पाच किलोची. पोतं उलटं करून झटकलं तरी काटा चार किलो तीनशेच्या पुढे जाईना. आजी म्हणाल्या, “राहू दे रे, एकटीला असं किती लागतं.” मी राहू दिलं. पुढच्या महिन्यात त्यांची मागणी आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. तिसऱ्या महिन्यात मी जाऊन विचारलं, तर हसून एवढंच म्हणाल्या, “तुझी मूठ फार मोठी आहे बाबा.”

घरी येऊन हिशेब मांडला. माझ्या एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम तांदूळ मावतो. अकरा मुठी म्हणजे साडेपाचशे ग्रॅम. उरलेले दीडशे बारदानाचे, कारण पोत्याचं पन्नास किलो मी रिकाम्या पोत्यासकट धरलं होतं. आजींच्या तांदळातून मी अकरा जणांना दिलदारपणा दाखवला होता.

तेव्हापासून आमच्याकडे मूठ बंद. वाटप कसं होतं ते सांगतो.

काटा आधी तपासायचा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. एक लिटरच्या पाच बंद बाटल्या आणि तेवढ्याच पाच रिकाम्या बाटल्या, एवढं साहित्य पुरतं. रिकाम्या ठेवून काटा शून्यावर आणा, मग भरलेल्या ठेवा. एका बाटलीला आणि पाचही बाटल्यांना काटा बरोबर दाखवत असेल तर पुढे जा. काही काटे एका किलोला चोख असतात आणि पाचाला चाळीस ग्रॅम खातात. काटा सपाट, कडक जागेवर हवा. सतरंजीवर ठेवलेला काटा खोटं बोलतो. स्प्रिंगचा, हाताने लटकवायचा काटा गटासाठी घेऊच नका, हात हलला की आकडा हलतो आणि बघणाऱ्याच्या मनात शंका राहते.

पोतं न फोडता अख्खं वजन करा, ते वहीत लिहा. रिकामं झाल्यावर पोत्याचं वजन करा, तेही लिहा. दोन्हीतला फरक हा खरा माल. आता महत्त्वाचं: दर छापलेल्या वजनावर काढायचा नाही, प्रत्यक्ष वाटलेल्या वजनावर काढायचा. पन्नास किलोची मागणी होती आणि सगळ्यांच्या पिशव्या मिळून साडेएकोणपन्नास किलो भरले, तर बिलाला साडेएकोणपन्नासने भागा. अर्ध्या किलोची तूट मग कोणा एकाच्या डोक्यावर बसत नाही, सगळ्यांच्या दरात विरघळते.

काट्याचा आकडा घेणाऱ्याकडे तोंड करून असावा, मापाड्याकडे नाही. मापणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने उच्चारायचा. हे पहिल्या दिवशी जरा नाटकी वाटतं. पण मोठ्याने म्हटलेल्या आकड्यावर नंतर कुजबुज होत नाही. आणि शेवटची पिशवी नेहमी मापाड्याची. हा आमचा सगळ्यात जुना नियम, आजींनी घातलेला. त्या परत आल्या त्या याच अटीवर.

भाजी-फळांना काटा अपुरा पडतो. दोन किलो बटाटे आणि दोन किलो बटाटे यांत फार फरक असतो. एकाला मुठीएवढे येतात, दुसऱ्याला गोट्या. म्हणून आम्ही वाटे करतो. जितकी घरं तितके ढीग, मोठं-लहान, पिकलेलं-कच्चं, डागाळलेलं सगळं मिसळून. ढीग लावणारा नंतर एकेका ढिगावर बोट ठेवून “हा कोणाचा?” विचारतो, आणि ढिगांकडे पाठ करून उभा असलेला माणूस एकेक नाव घेतो. मुलांना हे काम फार आवडतं. ढीग कोणाला जाणार हे माहीत नसल्यामुळे लावणाराही मन लावून सारखे लावतो. डागाळलेली फळं वेगळी काढून ‘कोणाला हवीत का’ असं विचारणं टाळा, ती कायम त्याच दोन भिडस्त घरांकडे जातात.

आता पैशांचं. नियम एकच, पैसे आधी आणि मागणी नंतर. हा नियम काही मी शोधलेला नाही. इंग्लंडातल्या रॉचडेल गावात 1844 साली 28 जणांनी मिळून दुकान काढलं. त्यांतले काही विणकर होते, भांडवलाचे 28 पौंड त्यांनी आठवड्याला काही पेन्स टाकत जमवले. 21 डिसेंबरला दुकान उघडलं तेव्हा आत पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल होता. त्या काळी पिठात खडू आणि तुरटी मिसळणं सर्रास चालायचं, आणि कामगार उधारीपायी एकाच दुकानदाराला बांधलेले असायचे. रॉचडेलकरांनी ठरवलं की माल निर्भेळ, माप चोख आणि व्यवहार रोखीचा. भांडवल कितीही असो, माणशी मत एकच. नफ्याची शिल्लक ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरच्या सहकारी संस्था आजही ज्या तत्त्वांवर चालतात त्यांचं मूळ तिथे सापडतं.

मला आधी रोखीचा नियम कडक वाटायचा. एका घरची अडचण होती म्हणून मी खिशातून भरले, मग दुसऱ्या घरची. चार महिन्यांनी लोकांकडून माझं येणंच एवढं साचलं की मी लोकांना टाळायला लागलो आणि लोक मला. ज्याचं देणं राहतं तो वाटपालाही येत नाही, म्हणजे गट त्याला माल देण्याच्या नादात माणूसच घालवतो. उपाय असा काढला की प्रत्येक मागणीवर दोन टक्के जास्त घ्यायचे आणि ते वेगळ्या पानावर जमा करायचे. अडचणीतल्या घराची मागणी त्या पानातून भरली जाते. कोणासाठी भरली हे फक्त वही सांभाळणाऱ्याला माहीत असतं, बेरीज मात्र सगळ्यांना दिसते.

मागणी पोत्याच्या पटीत क्वचितच येते. त्रेचाळीस किलो मागणी आणि पोतं पन्नासचं, हे दर महिन्याचं रडगाणं. ‘उरलेलं बघू नंतर’ म्हणून पोतं आणलं की ते ज्याच्या घरी उतरतं त्याच्या गळ्यात पडतं. आम्ही पंचेचाळीसची रेघ ठरवली आहे. तिच्या खाली मागणी असेल तर दोन दिवस थांबून पुन्हा विचारायचं, तरीही भरली नाही तर तो जिन्नस त्या महिन्यात नाही. पहिल्या सहा महिन्यांत जिन्नस तीन-चारच ठेवा आणि तेही टिकणारे. धान्य, डाळ, तेल. ताजी भाजी नंतर. भाजी वाटपाला दोन तास उशीर सहन करत नाही, आणि सुरुवातीला उशीर होतोच.

घरं किती? आठ ते पंधरा. जपानमधली सेइकात्सु क्लब ही सहकारी चळवळ 1965 साली टोकियोत एकत्र दूध विकत घेण्यापासून सुरू झाली आणि पुढे लाखो घरांपर्यंत पोहोचली. पण वाढताना त्यांनी शेजारच्या काही घरांचे छोटे गट केले, ‘हान’ नावाचे. मागणी एकत्र, माल एकत्र, वाटप आपसात. एवढी मोठी संस्था शेजारच्या चार दारांवर उभी होती. आमच्याकडे वीस घरं झाली तेव्हा आम्हीही दोन गट केले. माल एकत्र मागवतो, वाटप वेगळं.

कामाची वाटणी वहीत हवी, तोंडी नको. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पार्क स्लोप फूड को-ऑप नावाचं सभासदांचं सहकारी किराणा दुकान आहे, 1973 पासूनचं. सभासद हजारोंनी आहेत आणि प्रत्येकाने आळीपाळीने काम करायचं असा तिथला नियम. आपल्याला एवढी शिस्त नको, पण ‘मी काम करत नाही, थोडे पैसे जास्त देतो’ ही सवलत मात्र देऊ नका. एकाला दिली की महिन्याभरात गटात दोन जाती होतात, पोती उचलणारे आणि पिशव्या नेणारे. उचलणं जमत नसेल त्यांना फोन करण्याचं, वही तपासण्याचं, पिशव्या शिवण्याचं काम असतंच. आजी आमच्या हिशेब तपासनीस आहेत. त्यांच्या नजरेतून दहा ग्रॅम सुटत नाही.

नोंदणी करायची का, हे गट किती मोठा आणि बाहेरच्यांना विकणार का यावर ठरतं. आपापसात वाटून घेणाऱ्या दहा घरांना बहुधा वही पुरते. दुकान काढायचं झालं की तुम्ही राहता तिथला सहकार आणि अन्नसुरक्षेचा कायदा वाचावाच लागेल.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक सामायिक कपाट ठेवलं. ज्याच्याकडे जास्त झालं त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं. पुढे कोणीतरी जुना फ्रिज दिला. जर्मनीत 2012 पासून उरलेलं अन्न वाटणाऱ्या फूडशेअरिंग चळवळीतल्या लोकांनी अशी कपाटं आणि फ्रिज जागोजागी ठेवले आहेत. स्पेनमधल्या गाल्दाकाओ गावाने 2015 साली रस्त्यावर फ्रिज ठेवला, त्यात कच्चं मांस, मासे आणि अंडी ठेवायला मनाई होती आणि घरच्या पदार्थावर तारीख लिहायची होती. आम्ही हे दोन्ही नियम जसेच्या तसे उचलले.

शिजवलेल्या अन्नाबाबत मात्र भीड ठेवू नका. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर ते फ्रिजमध्ये घ्यायचं नाही, कितीही चांगलं दिसत असलं तरी. भाताची गोष्ट तर फसवी आहे. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. त्यामुळे ‘नीट गरम करून खा’ ही भातासाठी सूचना नव्हे. डब्यावर तीन गोष्टी लिहायच्या: काय आहे, केव्हा शिजवलं, आणि आत शेंगदाणे, तीळ, दूध, गहू, अंडं यांतलं काय आहे. चिठ्ठी नसलेला डबा आला तर तो उघडायचा नाही, वासही घ्यायचा नाही, सरळ टाकायचा. हे काम ज्याच्याकडे असेल त्याला पहिले काही दिवस फार वाईट वाटतं. मला अजूनही वाटतं.

कपाटाची जागा निवडताना आम्ही चुकलो. सगळ्यांना दिसावं म्हणून अगदी येण्या-जाण्याच्या वाटेवर ठेवलं. ठेवणारे भरपूर, नेणारं कोणी नाही. जिन्याखालच्या वळणावर हलवलं, तर दोन दिवसांत रिकामं. तरी काही घरं फक्त ठेवायचीच, नेण्यात त्यांना कमीपणा वाटायचा, आणि त्यामुळे नेणाऱ्यांनाही वाटायचा. मग मी आणि आजींनी मुद्दाम लोकांसमोर कपाटातून वस्तू न्यायला सुरुवात केली. आजी तर मोठ्याने सांगतात, “आज माझ्याकडे कांदे संपले, इथले नेतेय.” त्यांच्या घरी कांद्यांची टोपली भरलेली असते, मला माहीत आहे.

आणि हो, रिकाम्या पोत्यांची पाळी पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. सहा वर्षांत आमच्याकडे एकच खरं भांडण झालं, ते एका रिकाम्या पोत्यावरून.