मागे वाकताना कंबर धरते? मग मांड्या भिंतीला लावा

भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन झालं की कंबरेत, अगदी पट्ट्याच्या रेषेवर, चिमटा बसल्यासारखं होतं? "सवय झाली की जाईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मी दोन वर्षं ऐकलं. ठाण्यातल्या एका वर्गात सर "अजून मागे, अजून मागे" म्हणत राहायचे आणि मी घरी येऊन गरम पाण्याच्या पिशवीवर आडवी.

दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. बाकीच्यांनी दुखणं शमेपर्यंत मागे वाकणं बंद ठेवावं. पण अंथरूण धरू नये, तलावपाळीला रमतगमत एक फेरी मारावी.

दुखते कंबर, पण खोट बहुतेक वेळा दुसरीकडे असते. छातीमागच्या 12 मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, ते फारसे मागे वाकत नाहीत. जांघेतून जाणारा सोआस स्नायू दिवसभर खुर्चीत आखडलेला. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर आनंदच, पण तिथेही तो आखडलेलाच. मग सगळा वाक कंबरेच्या 5 मणक्यांवर येतो, त्यातही खालच्या दोनांवर.

म्हणून आधी जांघ: सूर्यनमस्कारातलं अश्वसंचालनासन, म्हणजे एक पाय पुढे वाकवलेला, दुसरा मागे लांबवलेला, मागचा गुडघा टेकवून, दोन्ही बाजूंना एकेक मिनिट. मग टॉवेलची वळकटी ब्राच्या पट्ट्याच्या जागी आडवी ठेवून उताणं पडायचं (पुरुषांनी अंदाज बांधावा). भुजंगासनात कोपरं वाकलेलीच ठेवा. झालं.

आता उष्ट्रासन, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकत टाचा धरायच्या. माझं घोडं इथेच अडलं होतं. मागे जायचं म्हटलं की आपण टाचा शोधायला हात टाकतो, त्याबरोबर मांड्या मागे कलंडतात आणि कंबर कडकन मोडल्यासारखी दुमडते. टाचा विसरा. भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर उभ्या राहा. गुडघे एकमेकांपासून कंबरेच्या रुंदीइतके लांब आणि भिंतीला टेकलेले, खाली दुहेरी चटई. मांड्या आणि ओटीपोटाखालचं हाड भिंतीला चिकटवा. मांडी आणि भिंत यांच्यामध्ये एक कागद धरा. मी महावितरणचं जुनं बिल वापरते.

तळवे कंबरेच्या मागे, बोटं खाली. माकडहाड खाली सोडा. "नितंब एकदम सैल सोडा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. हलके आवळा, फक्त दगड करू नका. आता श्वास घेत छातीचं हाड छताकडे उचला. मागे नाही, वर! उंची मिळाली की मगच खांदे मागे न्या. बिल सळसळत खाली आलं की समजा, मांड्या सुटल्या आणि वाक कंबरेत शिरला. परत वर या. पहिल्या दिवशी माझं बिल जेमतेम चार बोटं मागे गेल्यावर पडलं होतं. दोन वर्षं टाचा धरणारी मी! फार लागलं मनाला, पण त्या दिवशी कंबर दुखली नाही.

तीन-चार श्वास, दोन वेळा, पुरे. ताण मांडीच्या पुढच्या बाजूला आणि छातीत जाणवायला हवा. कंबरेत टोचलं तर तिथेच थांबा, "थोडंसंच आहे" म्हणून रेटू नका. उठताना हात कंबरेवरच, छाती आधी, डोकं शेवटी. मान झटक्याने वर आणली की चक्कर येते.

आणि आसन सोडल्या सोडल्या पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला लावायची घाई करू नका. एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ओढलेली कंबर हमखास कुरकुरते. आधी उताणं पडून, गुडघे वाकवून, मिनिटभर स्वस्थ. मग एकेक गुडघा छातीशी.

धनुरासन, चक्रासन? महिनाभर बिल पडलं नाही की मग बघू.