दोन गुणांनी हरल्यावर रेफरीशी कसं भांडावं

मॅच 18-16 अशी गेली. 78व्या मिनिटाला आमच्या विंगरनं कोपऱ्यात झेप घेतली, अख्खा स्टँड उभा राहिला, आणि रेफरीनं शिट्टी फुंकून फॉरवर्ड पासची, म्हणजे चेंडू पुढे फेकल्याची, खूण केली. ते चालत नाही. त्या क्षणी मी जे काही बोलले, ते माझ्या मुलानं आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सिडनीत येऊन मला 14 वर्षं झाली, त्यातली 12 या रग्बी लीगच्या नादात गेली. (कबड्डी बघत मोठं झालेल्याला टॅकल समजावून सांगावा लागत नाही.) पोटापाण्याला हिशेबनिशी करते, म्हणून भांडणाचीही एक पद्धत बसवली आहे. ती टीव्हीवरच्या व्यावसायिक मॅचपुरतीच. शनिवारी सकाळी पोरांच्या मॅचला शिट्टी घेऊन उभा असतो तो बहुधा शाळकरी मुलगाच असतो. तिथे तोंड उघडायचं नाही, विषय संपला.

पहिलं म्हणजे त्या रात्री कुणाशीही बोलू नका. माझे शेजारी समोरच्या टीमचे, साठेक वर्षांपासूनचे पाठीराखे. त्या रात्री मी अंगणातला दिवासुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आधी रेफरी बघायचा नाही, गुणफलक बघायचा. ट्रायचे (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की) 4, त्यानंतरच्या किकचे (खांबांमधून गेली की) 2. दोन्ही टीमच्या ट्राय तीन-तीन. त्यांच्या तिन्ही किक गेल्या, आमच्या दोनच. म्हणजे जो फरक मी 78व्या मिनिटात शोधत होते, तो 14व्या मिनिटालाच, त्या हुकलेल्या किकवर, पडला होता, आणि तेव्हा मी रांगेत चिप्स घेत होते. अशा हरण्याला परंपरा आहे. इंग्लंडमधल्या 1968 च्या चॅलेंज कपच्या फायनलला वेम्बलीवर पाणी साचलं होतं. वेकफिल्ड 11-10 नं मागे, शेवटची किक, तीही अगदी खांबांसमोरून, आणि डॉन फॉक्सची ती किक हुकली. गंमत म्हणजे सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडही त्याचीच झाली होती.

एवढं पचलं की रेकॉर्डिंग लावा आणि कागदावर दोन रकाने पाडा: मोजता येणारं आणि नजरेवर सोडलेलं. आपण ओरडतो ते बहुतेक दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींवर. बचाव करणारे पूर्ण 10 मीटर मागे गेले होते का, टॅकल झाल्यावर वरचा गडी उठायला वेळ लावत होता का. असे प्रसंग एका मॅचमध्ये ढिगानं घडतात आणि रेफरी त्यातले मोजकेच पकडतो. त्यातून 2020 पासून टॅकलनंतरच्या रेंगाळण्याला शिट्टीऐवजी बहुतेक वेळा नुसता हात हलवून नवे सहा टॅकल मिळतात. (चेंडू हातात असलेल्या टीमला एका वेळी सहाच टॅकल, मग चेंडू समोरच्यांकडे.) खेळ थांबतच नाही, त्यामुळे आपल्याला मिळालेले सहा आपण विसरतो आणि त्यांना मिळालेले मात्र पाठ असतात. मी दोन्हीकडचे लिहून काढले: आम्हाला चार, त्यांना तीन. हा कागद मी पुढे कुणाला दाखवला नाही.

मोजता येणाऱ्या रकान्यात चूक सापडली तर मात्र खुशाल गळा काढा. 2013 च्या एलिमिनेशन फायनलमध्ये (हरला तो स्पर्धेबाहेर) क्रोनुलानं नॉर्थ क्वीन्सलँडला 20-18 नं हरवलं, आणि त्यातली एक ट्राय सातव्या टॅकलवर झालेली होती. सहापर्यंत मोजायचं होतं! त्यावर नॉर्थ क्वीन्सलँडवाल्यांनी जन्मभर कुरकुर केली तरी माझी हरकत नाही.

पण नेमकं कशावर चिडायचं हेही ठरवावं लागतं. 2019 ची ग्रँड फायनल घ्या. 8-8 अशी बरोबरी, चेंडू कॅनबराकडे. रेफरीनं हात हलवून नवे सहा टॅकल दिल्याची खूण केली आणि लगेच बदलली: नाही, हा शेवटचाच. कॅनबराचा खेळाडू पहिल्या खुणेवर विसंबून टॅकल होऊन बसला, चेंडू गेला, थोड्याच वेळात समोरच्या रूस्टर्सची ट्राय. मॅच 14-8. बदललेला निर्णय बरोबर होता. चुकली होती पहिली खूण. ‘आमचे सहा चोरले’ म्हणणारा वादात हरतो. ‘खूण बघून खेळणाऱ्यानं काय करायचं?’ असं विचारणाऱ्याला उत्तर देणं अवघड जातं.

आता फॉरवर्ड पास. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण बंकर, म्हणजे व्हिडिओवर निर्णय देणारी खोली, 2016 साली आली तेव्हाही हा निवाडा तिच्याकडे दिला नाही. नियमात दिशा मोजायची ती पास देणाऱ्याच्या हिशेबानं, जमिनीच्या नाही. आमचा सेंटर सेकंदाला 7 मीटर धावतोय असं धरा. त्यानं चेंडू स्वतःच्या मागे, सेकंदाला 1 मीटर वेगानं सोडला, आणि चेंडू अर्धा सेकंद हवेत राहिला. जमिनीवर मोजलं तर चेंडू 3 मीटर पुढे गेलेला दिसेल, पण तोवर सेंटर साडेतीन मीटर पुढे पोचायला हवा. म्हणजे पास कायदेशीर. घोळ होतो तो पास सोडता सोडताच त्याला आडवा केला की. तो जागेवर थांबतो, चेंडू पुढे निघून जातो, आणि स्टँडमधल्या निम्म्या लोकांना दरोडा पडल्यासारखं वाटतं.

म्हणून मैदानावरच्या रेषा बघू नका, हात बघा. चेंडू सुटताना चित्र थांबवा. तळवे आणि बोटं समोरच्या गोलरेषेकडे वळलेली असतील तर रेफरीला मुकाट्यानं सोडून द्या. आमच्या सेंटरची बोटं सरळ बाजूच्या रेषेकडे होती, डावा अंगठा वर. मी अकरा वेळा पाहिलं. मी पास सपाट, म्हणजे ना पुढे ना मागे, धरते, आणि सपाट पास चालतो.

यानंतर कुंपणापाशी जायचं, आणि तोंड उघडायचं ते स्वतःच्या टीमचं पाप सांगून. हा माझा सगळ्यात कामाचा डाव आहे. मी शेजाऱ्यांना म्हटलं, 52व्या मिनिटाच्या आमच्या ट्रायला आमच्या गड्यानं तुमच्याकडच्याची वाट अडवली होती, द्यायला नको होती ती ट्राय. ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांनीच सांगितलं की आमच्या कॅप्टननं आपलं चॅलेंज, म्हणजे रेफरीचा निर्णय तपासून घ्यायचा हक्क, पहिल्या हाफमध्ये एका फालतू नॉक-ऑनवर (चेंडू हातून पुढे निसटण्यावर) उडवलं, त्याचंच त्यांना सर्वांत जास्त हसू आलं. चॅलेंज फसलं की गेलं. ते मला लागलं, पण खरं होतं.

पासवर मात्र ते हटेनात. शेवटी म्हणाले, तुझा टीव्ही लहान आहे, माझ्याकडे चल. बाराव्यांदा बघितलं. त्यांनी रिमोटवर अंगठा दाबून नेमकं तेच चित्र थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यापाशी जाऊन बराच वेळ बोटांकडे बघत राहिले.

“टच जज कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

तो, म्हणजे बाजूच्या रेषेवरचा पंच, चित्रात कुठेच नव्हता. मग आम्ही दोघं रेकॉर्डिंग मागे नेऊन त्याला शोधायला लागलो.