रासायनिक अभिक्रिया शिकताना या चुका टाळा

दहावीला 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हे प्रकरण सुरू झालं की बहुतेक मुलं समीकरणं पाठ करायला बसतात. ती पाठ होतातही. पण प्रयोगाच्या वेळी परीक्षानळीत वेगळंच काही दिसलं, तर नळी बाजूला ठेवून वहीत पुस्तकातलं उत्तर उतरवलं जातं. या प्रकरणातल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. आधी काय घडतंय ते नीट बघा, समीकरण त्यानंतर. सांगली, तासगाव, पलूस भागातल्या मुलांना तर बघण्यासारखं घराजवळच भरपूर आहे.

खिळ्यावर तांबं चढत नाही

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांबूस थर बसतो आणि निळं द्रावण हळूहळू फिकट हिरवट होत जातं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे, म्हणून ते तांब्याला द्रावणातून बाहेर काढून त्याची जागा घेतं. हीच विस्थापन अभिक्रिया.

प्रयोग फसला तर आधी खिळा तपासा. नव्या खिळ्यावर बऱ्याचदा तेलाचा हात असतो, जुन्यावर गंज. दोन्ही पॉलिश पेपरने घासून काढा, खिळा लख्ख दिसला पाहिजे. चकचकीत पांढरट खिळा असेल तर त्यावर जस्ताचा मुलामा असण्याची शक्यता जास्त. तिथे आधी जस्तच अभिक्रिया करतं आणि तांबूस थराऐवजी काळपट भुकटी दिसते. हा प्रयोग बिघडला असं समजू नका, फक्त तो दुसऱ्या धातूचा झाला. मग वहीतही जस्ताचंच समीकरण आलं पाहिजे. आणि दोन मिनिटांत खिळा बाहेर काढू नका, वीसेक मिनिटं तरी राहू द्या.

इथे लेखी चूकही ठरलेली असते. उत्पादित म्हणून फेरिक सल्फेट लिहिलं जातं. तयार होतं ते फेरस सल्फेट, द्रावणाला येणारी हिरवट झाक त्याचीच. दुसरी चूक उलट दिशेची: फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार टाकली तर काय होईल, असं विचारलं की मुलं तिथेही बाण काढून मोकळी होतात. काहीच होत नाही. 'अभिक्रिया होत नाही' हे पूर्ण आणि बरोबर उत्तर आहे, ते लिहायला कचरू नका.

घरी द्राक्षबाग असेल तर हीच अभिक्रिया तुमच्या डोळ्यांदेखत होते. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगासाठी बोर्डो मिश्रण करताना एक टक्क्याच्या द्रावणाला साधारण 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना धरतात. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करतात. फवारण्याआधी घासलेला विळा किंवा लोखंडी पट्टी त्यात थोडा वेळ बुडवून बघतात. पात्यावर तांबूस झाक आली, तर चुना कमी पडलाय आणि मोरचूद मोकळा राहिलाय. असं मिश्रण मारलं तर कोवळी पानं करपतात, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालून पुन्हा विळा बुडवतात. मिश्रण लोखंडी पिंपात न करता प्लॅस्टिकच्या पिंपात का करतात, तेही आता तुम्हाला सांगता येईल. फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये हे मिश्रण मांडलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातातला विळा त्याची परीक्षा घेतो, आणि ती परीक्षा पुस्तकातल्या खिळ्याच्या प्रयोगाहून तसूभरही वेगळी नाही. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

हळदीच्या कागदाचा रंग बदलत नाही

हळदीचं पाणी लावून वाळवलेला कागद हा स्वस्तातला दर्शक. सांगलीत हळदीला काय तोटा! पण मुलं त्यावर लिंबू पिळतात आणि 'रंग बदलला नाही, प्रयोग चुकला' म्हणतात. हळद आम्लात पिवळीच राहते, ती फक्त आम्लारी ओळखते. लाल लिटमसही आम्लात लालच राहतो, तसंच हे.

खाण्याचा सोडा घेतला तरी रंग जेमतेमच बदलतो, कारण त्याचं द्रावण सौम्य आम्लारीधर्मी असतं. धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी घ्या, कागद लगेच लालसर तपकिरी होईल. मग त्याच डागावर लिंबाचा थेंब टाका, पिवळा रंग परत येतो. उदासिनीकरण इतकं सहज दाखवणारा दुसरा प्रयोग क्वचितच असेल.

वजन कमी भरलं

बाटलीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केले, आधी आणि नंतर वजन केलं, तर नंतरचं कमी भरतं. मग वस्तुमान अक्षय्यतेचा नियम खोटा का? नाही. कार्बन डायऑक्साइड उडून गेला. 84 ग्रॅम सोडा पूर्णपणे वापरला गेला तर 44 ग्रॅम वायू निघतो.

म्हणून हुशार मुलं बाटलीच्या तोंडाला फुगा लावतात. तरीही बारीक काटा थोडं कमीच दाखवतो, आणि इथे शिक्षकही गोंधळतात. फुगा फुगतो तेव्हा तो तेवढीच हवा बाजूला सारतो आणि हवा त्याला वर ढकलते. फुगा एक लिटरने वाढला तर काटा साधारण 1.2 ग्रॅम कमी दाखवतो. वस्तुमान तेवढंच असतं. प्रयोग नीट करायचा तर कोल्ड्रिंकची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, सोडा 2 ग्रॅमच घ्या आणि झाकण घट्ट लावा. सोडा यापेक्षा वाढवायचा नाही आणि प्रयोग शिक्षकांसमोरच करायचा.

संतुलन करताना

रेणुसूत्रातला खालचा आकडा बदलायचा नाही. पाण्याचं समीकरण जुळत नाही म्हणून एच-टू-ओचं एच-टू-ओ-टू केलंत, तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलंत. बदल करायचा तो सूत्राच्या आधी लिहायच्या आकड्यात: हायड्रोजनचे 2 रेणू, ऑक्सिजनचा 1, पाण्याचे 2.

तापवावं लागलं म्हणजे उष्माग्राही?

मॅग्नेशिअमची फीत पेटवावी लागते, म्हणून ती अभिक्रिया उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी, असं कितीतरी जण लिहितात. काडी फक्त सुरुवातीला लागते. पुढे फीत स्वतःच जळते आणि उष्णता बाहेर टाकते, म्हणजे ती उष्मादायी. याउलट चुनखडीची चुनकळी करताना भट्टीची आच शेवटपर्यंत लागते, ती उष्माग्राही. त्याच चुनकळीवर पाणी घातलं की ती उकळल्यासारखी फसफसते, ती पुन्हा उष्मादायी. आच काढून घेतल्यावर अभिक्रिया चालू राहते का, एवढं विचारलं की घोळ सुटतो.

हे मात्र कधीच नाही

संहत आम्लात पाणी ओतू नका. पाण्यात आम्ल थोडं थोडं, ढवळत घाला. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. मॅग्नेशिअमच्या ज्वाळेकडे थेट बघू नका. चुनकळी विरघळवताना चेहरा लांब ठेवा, डोळ्यात गेली तर इजा होते. मोरचुदाच्या प्रयोगाला स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका आणि उरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माशांना ते विष आहे. ते बाटलीत भरून शाळेच्या प्रयोगशाळेत द्या.