शाळेची गाडी येण्याआधी: विज्ञान कार्यशाळेची तयारी

सामानाचं कपाट उघडण्याआधी शाळेला फोन करा. मुख्याध्यापकांशी दिवस आणि वेळ ठरलेली असते, पण मुलांबरोबर येणार असतात ते वर्गशिक्षक. त्या बाईंचा किंवा सरांचा नंबर मागून घ्या आणि त्यांच्याशी निवांत बोला. इयत्ता कोणती, पटावर किती मुलं आहेत आणि खरोखर येणार किती, माध्यम कोणतं, गाडी गावातून किती वाजता निघणार, मुलं काही खाऊन निघणार का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहाटे उठून, घाटातून दोन तास उभं-बसून आलेलं मूल उपाशीपोटी तारेचं टोक खरवडत बसणार नाही, आणि बसलंच तर त्याचं लक्ष तारेकडे नसेल. लांबून येणाऱ्या गटासाठी पहिली वीस मिनिटं हात-पाय धुणं, स्वच्छतागृह आणि पोहे किंवा केळी यांनाच द्या आणि तसं वेळापत्रकात लिहून ठेवा. कुणाला कमी दिसतं, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला पायऱ्या चढता येत नाहीत, हेही याच फोनवर विचारायचं. त्या दिवशी दारात कळलं तर ते मूल बाजूला बसून बघत राहतं. कार्यशाळेत कुणीही नुसतं बघत राहू नये, यासाठीच तर ही सगळी तयारी.

तारीख ठरवताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९२८ सालचा शोध याच तारखेशी जोडलेला आहे आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. त्या आठवड्यात सगळ्याच शाळांना यायचं असतं. शक्य असेल तिथे शाळांना समजावून ऑगस्ट-सप्टेंबर किंवा नोव्हेंबरमध्ये बोलवा. गर्दी कमी असली की प्रत्येक मुलाच्या वाट्याला जास्त वेळ येतो. दुसरी गोष्ट शून्य सावली दिवसाची. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, आणि शाळांकडून त्याची मागणीही होते. पण पुण्या-मुंबईकडे हे दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी येतात. एकदा शाळेला सुट्टी, एकदा आभाळ भरलेलं. त्या दिवसासाठी गाडी ठरवून साठ मुलांना आणू नका. सूर्याचा खूप चांगला प्रयोग थंडीत कोणत्याही दिवशी करता येतो, तो पुढे सांगते.

मग प्रश्न येतो, प्रयोग किती घ्यायचे? तीन: विजेची छोटी मोटर, जास्वंद-हळदीचे रंग आणि सूर्याचं माप. फोनवर शाळा म्हणते, 'एवढ्या लांबून येतोय, सगळं दाखवा.' त्या आग्रहाला बळी पडू नका. पाहायला आणि दालनांतून हिंडायला वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र आहे, आणि तिथे घालवलेला दिवस मोलाचाच असतो. कार्यशाळेचं काम वेगळं आहे. तिथे वस्तू मुलाच्या हातात घडली पाहिजे, बिघडली पाहिजे आणि त्याच हातांनी दुरुस्त झाली पाहिजे. बिघडायला वेळ लागतो. साडेतीन तासांत सात प्रयोग बसवले की तो वेळ पहिल्यांदा कापला जातो, आणि मग कार्यशाळा घेणारे ताई-दादा घाईने मुलांच्या हातातून वस्तू घेऊन स्वतःच जोडून देऊ लागतात.

साठ मुलं असतील तर तीस-तीसचे दोन गट करा. एक गट मोटरीला, दुसरा रंगांच्या प्रयोगाला, मग अदलाबदल. आठ-दहा मुलांमागे एक ताई किंवा दादा हवाच. सूर्याचा प्रयोग सगळ्यांना मिळून करता येतो.

आता मोटर. सातवी-आठवीसाठी याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही, म्हणून त्याच्या तयारीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक मुलाला एक मोठा दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला एक रबरी पट्टा, काळ्या फेराइटचं एक चकतीचुंबक, एक मीटर इनॅमलची (वीज अडवणारा पातळ लेप असलेली) तांब्याची तार आणि काचपेपरचा बोटभर तुकडा लागतो. तार २३ गेजची घ्या. ती मोटार वायंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. वाया जाणारी धरून साठ मुलांना पाव किलो पुरते. सेलभोवती आठ-नऊ वेढे घेतले की मीटरभर तारेत दोन्हीकडची टोकं बरोबर उरतात. तार आदल्या दिवशी कापून, सैल गुंडाळून ठेवा, पण वेटोळं मात्र मुलांनाच करू द्या. चांदीसारखी चमकणारी छोटी जोरदार चुंबकं आणू नका. ती पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि खिशात घालून घरी नेलेलं चुंबक धाकट्या भावंडाच्या हाती कधी लागेल सांगता येत नाही. मोबाइलची जुनी बॅटरीही सेलच्या जागी वापरायची नाही.

सेलच्या दोन्ही टोकांना एक-एक पिन रबरी पट्ट्याने उभी बांधायची, चुंबक सेलवर ठेवायचं आणि वेटोळ्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची. या मोटरीचं सगळं रहस्य मात्र ती टोकं खरवडण्यात आहे. वेटोळं उभं धरायचं, एक टोक सगळ्या बाजूंनी खरवडून तांबं उघडं करायचं आणि दुसऱ्या टोकाची फक्त वरची अर्धी बाजू खरवडायची. अर्ध्या फेरीत वीज वाहते आणि वेटोळ्याला ढकलते, उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज बंद असते आणि वेटोळं मिळालेल्या वेगावर पुढे जातं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर तेच चुंबक वेटोळ्याला पुढे ढकलून लगेच मागे ओढतं आणि ते जागच्या जागी थरथरत राहतं. हे कारण सगळ्या ताई-दादांना नीट कळलेलं असू द्या, पण मुलांना आधी सांगू नका. मोटर फिरली नाही की त्यांना काय काय तपासायचं तेवढं सांगा: इनॅमल निघालं का, वेटोळं एका बाजूला जड झालंय का, पिना तारेला टेकतायत का, बोटाने हलका धक्का दिला का. चुंबक उलटं करून बघ, म्हणजे काय होतं, हा प्रश्न मोटर फिरल्यावर विचारायचा. फिरण्याची दिशा उलटते, आणि ते पाहिलेलं मूल शेजारच्याला बोलावून आणतं. एक सावधगिरी मात्र सुरुवातीलाच सांगा: मोटर फिरत नसताना तार जोडून ठेवली की तार आणि सेल दोन्ही तापतात, म्हणून लगेच सोडवायची.

सामान निवडताना माझा एक नियम आहे. मूल ज्या तालुक्यातून आलं, तिथल्या बाजारात मिळणार नाही ती वस्तू टेबलावर नको. ही दृष्टी आपल्याला होशंगाबादने दिली. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात (आताचं नाव नर्मदापुरम) १९७२ साली सोळा शाळांमधून करून शिकण्याचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात टेल्कोमध्ये (आताची टाटा मोटर्स) काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले, आणि आगकाड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृतींचे सांगाडे बनवू लागले. ती ट्यूब गावातल्या पंक्चरच्या दुकानातच मिळायची. घरी गेल्यावर मुलाला तीच गोष्ट पुन्हा करून पाहता यावी, निदान मागून आणता यावी, हे त्यातलं मर्म आहे. चकचकीत तयार संच आणले की मुलं त्यांना जपून हात लावतात, आणि घरी गेल्यावर हाताशी काहीच उरत नाही.

रंगांच्या प्रयोगाला लाल जास्वंदीची फुलं आणि हळद हवी. पाकळ्या गरम पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी लिंबाने लालसर गुलाबी होतं आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट. हे पाणी त्याच दिवशी सकाळी करा, शिळं झालं की रंग उतरतो. हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या मात्र दोन दिवस आधी करून सावलीत वाळवून ठेवता येतात. साबणाच्या पाण्याने त्या लालभडक होतात. शर्टावर सांडलेल्या वरणाचा डाग धुताना लाल झालेला बऱ्याच मुलांनी घरी पाहिलेला असतो, तो त्यांच्याच तोंडून येऊ द्या. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी रीत आहे, ती आजीकडून ऐकलेलं एखादं मूल वर्गात असतंच.

इथे पाण्याची चाचणी आदल्या दिवशी जरूर घ्या. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असेल तर जास्वंदीचं पाणी लिंबू-सोडा घालायच्या आधीच निळसर-हिरवं व्हायला लागतं आणि अख्खा प्रयोग कोलमडतो. तसं झालं तर क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. वेळ असेल तर मुलांना बोअरचं पाणी मुद्दाम द्या आणि काय झालं ते त्यांनाच शोधू द्या. मुलांनी शाळेतून येताना आपापल्या गावचं पाणी बाटलीत भरून आणलं तर आणखी चांगलं, फोनवर बाईंना तसं सांगून ठेवा. ड्रॉपर औषधाच्या दुकानातून घ्या, दोन मुलांत एक. चुन्याची निवळी ताईंच्याच हातात राहू द्या, कारण ती डोळ्यात गेली तर इजा होते. टेबलावर लिंबू आहे म्हणून कुणी बोट चाटणार नाही, याकडे लक्ष हवं. हात धुवायला साबण आणि बादली दाराशीच ठेवा.

सूर्याच्या प्रयोगाला छोटा आरसा, काळा कागद आणि एक लांब अंधारी खोली किंवा बोळ पुरतो. कागदाला पाच-सहा मिलिमीटरचं गोल भोक पाडून तो आरशावर चिकटवायचा, आरसा अंगणात मुलांच्या डोक्याच्या वर उंच स्टँडवर घट्ट बसवायचा आणि कवडसा वीस मीटर लांबच्या पांढऱ्या भिंतीवर पाडायचा. तिथे सुमारे एकोणीस सेंटिमीटर रुंदीचं जे गोल दिसतं, ती सूर्याची प्रतिमा असते. भोक चौकोनी केलं तरी ती गोलच येते. हे मुलांना आधी सांगू नका, तिसऱ्या-चौथ्या आरशाला चौकोनी भोक पाडून ठेवा आणि वाट बघा. अंतर मोजायला मोजपट्टी, गोल मोजायला साधी पट्टी. मुलं अंतराला प्रतिमेच्या रुंदीने भागतात आणि उत्तर एकशेपाच ते एकशेदहाच्या आसपास येतं. मग फक्त एक आकडा तुम्ही द्या: सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. त्याच गुणोत्तराने भागलं की सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास निघतो. आठवीतल्या मुलाने शाळेच्या पट्टीने सूर्य मोजला, याचा अभिमान त्याच्या चेहऱ्यावर दिसतो आणि तो खराही असतो. प्रतिमा दर दोन मिनिटांत जवळपास स्वतःच्या रुंदीएवढी सरकते. ताईंनी आरसा सारखा हलवत बसू नये. भिंतीवर पेन्सिलने कडा आखून घ्या आणि सरकतंय ते काय, यावर मुलांना भांडू द्या. कवडशाच्या वाटेत कुणी डोकं आणणार नाही आणि कुणी आरशाकडे किंवा सूर्याकडे थेट बघणार नाही, यासाठी एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला ठेवा. ढग आले तर? तेवढ्या वेळासाठी आगकाड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब तयार ठेवा.

तालीम केल्याशिवाय गाडी बोलावू नका. त्याच तारेने, त्याच सेलने, त्याच टेबलावर, शेजारच्या सातवीतल्या दोन मुलांकडून मोटर करून घ्या आणि घड्याळ लावा. ताईंना दहा मिनिटं लागतात तिथे मुलांना पंचवीस लागतात, वेळापत्रक या पंचविसावर बसवा.

गट पाडताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. चार जणांना एकच संच दिला की पहिल्या पाच मिनिटांत तो एका मुलाच्या हातात जातो, आणि बऱ्याचदा मुलगी वही उघडून नोंदी लिहू लागते. कुणी तिला सांगितलेलं नसतं, तरी होतं. म्हणून संच प्रत्येकाला वेगळा, आणि वह्या दाराबाहेर पिशवीत. पैसे कमी असतील तर प्रयोग कमी करा, संच कमी करू नका. आलेल्या शिक्षकांनाही एक-एक संच द्या आणि मुलांच्या शेजारी बसवा. स्वतःची मोटर फिरत नसलेले सर मुलांना उत्तरं सांगायला उठत नाहीत, उलट मुलांनाच विचारतात. ते दृश्य मुलांना फार काही शिकवून जातं.

दुपारच्या जेवणासाठी सावली, प्यायला पाणी, प्रथमोपचाराची पेटी, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि कचऱ्याचा डबा, चपला ठेवायची जागा: ही यादी एका कागदावर लिहून दाराला चिकटवा आणि सकाळी एकाने ती वाचत फिरावं.

निघताना प्रत्येक मूल स्वतःची मोटर घरी नेतं, सेलसकट. सेलचा खर्च मोठा वाटतो, पण सेल काढून घेतला तर संध्याकाळी घरी दाखवायला काही उरत नाही. शिक्षकांच्या हातात एक कागद द्या, त्यावर कोणतं सामान कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळतं आणि साधारण किती लागतं ते लिहा. आणि पटावर असूनही न आलेल्या मुलांची संख्या, जी पहिल्या फोनवर विचारली होती, तेवढे संच बांधून तयार ठेवा. सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून घरी राहिलेलं मूल त्यांत असतं. ती पिशवी शिक्षकांच्या हातात द्या आणि सोमवारी वर्गात, कार्यशाळेला आलेल्या मुलांनीच त्यांना मोटर करायला शिकवावं, असं ठरवून घ्या. मग टेबलं पुसून, कमी पडलेलं आणि उरलेलं सामान वहीत लिहून, संपलेले सेल वेगळ्या डब्यात टाका.