देठाच्या चिकाचा वास येईपर्यंत थांबा

आंब्याचा हंगाम आटपून माझा मामा गेल्या जुलैत आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आला. रत्नागिरीजवळ पावसला त्याची हापूसची बाग आहे. एका संध्याकाळी मी त्याच्यापुढे ‘प्लिनी द एल्डर’ ही इथली बिअर ठेवली. बाटलीवरचा ८ टक्क्यांचा आकडा वाचून तो म्हणाला, “म्हणजे आपली स्ट्राँगच की.” त्याच्या मनात आपल्याकडची स्ट्राँग बिअर होती, थंडगार, गोडसर, मोठ्या घोटांनी संपवायची. पहिला घोट त्याने तसाच घेतला आणि ग्लास खाली ठेवला. “कडू जहर आहे रे ही.”

ही बिअर कशी प्यायची ते मी त्याला आधी सांगायला हवं होतं. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा बसलो आणि सावकाश, क्रमाने चाखली. तोच क्रम इथे लिहितो आहे. कुठलीही कडक, हॉप्सवाली एल चाखायला तो चालेल. एल हा बिअरचाच एक प्रकार, आणि हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारे एका वेलीचे शंकू. पण मी उदाहरण प्लिनीचंच घेतो, कारण डबल आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल या हॉप्सवाल्या बिअरचा आणखी कडक प्रकार, काय असतो हे मला तिनेच शिकवलं.

ती सँटा रोझाच्या रशियन रिव्हर ब्रुइंग कंपनीची. विनी सिलुर्झो हा तिचा कर्ता. त्याने १९९४ मध्ये टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत नेहमीच्या आयपीएपेक्षा कितीतरी जास्त हॉप्स घालून एक एल केली होती. पुढे आमच्या शेजारच्या हेवर्डमधल्या ‘द बिस्ट्रो’ पबने डबल आयपीएचा खास उत्सव भरवायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी प्लिनी तयार झाली. नाव इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेलेल्या रोमन पंडिताचं. त्याच्या लिखाणात आलेली एक वेल हॉप्सचीच असावी असं मानतात, म्हणून हे नाव.

आता खरेदी. बाटली हातात घेतली की आधी ती भरल्याची तारीख शोधा. हॉप्सचा वास पालेभाजीसारखा असतो, रोज थोडा उतरतो. महिन्याच्या आतली मिळाली तर उत्तम, दोन महिने झाले असतील तर मी परत ठेवतो. शिवाय ती फ्रिजमधूनच उचला. एकदा मी एका दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली घेऊन आलो होतो, तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. ग्लासात ओल्या पुठ्ठ्याचा वास, मागून काकवीसारखी गोडी, आणि हॉप्सचा मागमूस नाही. पुठ्ठ्याचा वास हवेतल्या ऑक्सिजनमुळे येतो. ऊन लागलं की वेगळीच खोड लागते, हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअर कुबट, उग्र वास मारते. तपकिरी काच ते बरंच अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारसं अडवत नाही. पहिलीच डबल आयपीए अशी बिघडलेली वाट्याला आली तर माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही, म्हणून तारखेचा एवढा आग्रह.

बसायची वेळ स्वयंपाकाच्या आधीची ठेवा. घरात फोडणीचा खमंग वास भरला असेल किंवा देवापुढे उदबत्ती लावलेली असेल तर तासभर थांबा. ग्लास वरच्या बाजूला निमुळता हवा, वाइनचा चालतो. त्याला साबणाचा किंवा तेलकट हाताचा अंश राहिला तर फेस टिकत नाही, म्हणून नुसत्या गार पाण्याने पुन्हा विसळून घ्या. बाटली फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा. ८ ते १० अंश सेल्सिअसला ती बोलायला लागते, त्याहून गार असली तर नाकाला काही कळत नाही. ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा, वर दोन बोटं फेस येऊ दे. ग्लास अर्ध्याच्या वर भरू नका, वरची रिकामी जागा वासासाठी आहे.

रंग बघा, पण त्यात फार अडकू नका. प्लिनी स्वच्छ, गडद सोनेरी असते, किंचित तांबूस झाक, फेस पांढरा.

खरा वेळ द्यायचा तो वासाला. ग्लास गोल फिरवा, नाकाशी न्या आणि लांब श्वास न ओढता दोन-तीन छोटे हुंगे घ्या. मग ग्लास दूर करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा हुंगा. इथे लोक इंग्रजी पुस्तकी शब्द शोधायला लागतात. पाइन, ग्रेपफ्रूट, रेझिन. मीही कित्येक वर्षं वहीत हेच लिहीत होतो, आणि आमच्या घरात लहानपणी ना पाइन होता ना ग्रेपफ्रूट.

मामाने त्या संध्याकाळी तीनदा हुंगलं. काही बोलला नाही. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, झेल्यातून काढलेल्या आंब्याचा देठ मोडल्यावर बोटं चिकटतात तशी, आणि म्हणाला, “चीक आहे हा. देठाचा चीक.” मी माझा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. अगदी तोच वास होता. हिरवा, उग्र, राळेसारखा, नाकात जरा चुरचुरणारा. सुट्टीत त्या चिकाने माझ्या ओठाच्या कडेला फोड यायचा आणि आजी त्यावर खोबरेल लावायची. एवढी वर्षं हा वास मला येत होता, फक्त त्याचं नाव मी दुसऱ्याच्या वहीतून घेत होतो.

त्याला कारणही आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीचे हिरवे शंकू, त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, ल्युप्युलिन. तिच्यातल्या तेलात मायरसीन हे वासाचं द्रव्य भरपूर, आणि मायरसीन आंब्यातही असतं, गवती चहातही. तेव्हा तुमच्या नाकाला यातलं बरंच आधीपासून ठाऊक आहे. वही जवळ ठेवा आणि ज्या घरात, ज्या गावात तो वास पहिल्यांदा घेतला त्याचं नाव लिहा. आमच्या पानावर त्या दिवशी चढलं ते असं: देठाचा चीक, गणपतीतल्या पपनसाची जाड साल, नखाने खरवडलेलं संत्रं, वेलीवरची ओली मिरी, धुपाटण्यात नुकती टाकलेली राळ. पपनसावर मी अडून बसलो होतो, मामा म्हणत होता ईडलिंबू. दोन्ही लिहिलं.

आता घोट. पहिल्या घोटावर मत देऊ नका. जीभ बावचळलेली असते आणि तिला फक्त कडू कळतं. साधं पाणी प्या, मिनिटभर थांबा, मग दुसरा घोट छोटा घ्या, तोंडात सगळीकडे फिरवून गिळा आणि तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडा. नुसतं हुंगताना न सापडलेले वास या उलट्या श्वासात सापडतात. मला तिथे फुलांचा मंद वास येतो.

कडूपणा उशिरा चढतो आणि रेंगाळतो. त्याच्याशी भांडू नका, तो कसला कडू आहे ते बघा. आपल्याकडे कडूचे प्रकार पुष्कळ आहेत. मेथीचा कडू खमंग असतो, कारल्याचा हिरवा आणि थेट, पाडव्याच्या कडुनिंबाचा घशाशी चिकटून राहणारा, संत्र्याच्या बीचा अचानक येणारा. प्लिनीचा कडू मला पपनसाच्या पांढऱ्या पापुद्र्याच्या जवळचा वाटतो, स्वच्छ आणि कोरडा. हॉप्स बराच वेळ उकळले की त्यातली आम्लं बदलून हा कडूपणा उतरतो. वासाचे हॉप्स उकळीच्या अगदी शेवटी आणि नंतर थंड टाकीत कोरडेच घालतात, म्हणजे तेल उडून जात नाही. आणि ८ टक्के मद्य असूनही ती जड, गोड लागत नाही, कारण माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, जोडीला थोडी मक्याची साखर घालतात. ती जवळजवळ पूर्ण आंबून जाते आणि मागे गोडी ठेवत नाही. चांगली डबल आयपीए ओळखायची माझी खूण हीच: गिळल्यावर तोंड कोरडं पडावं आणि पुढचा घोट हवासा वाटावा. ओठ चिकट झाले तर ती मला जमलेली वाटत नाही.

सोबत खायला तिखट नको. मद्य आणि कडूपणा दोन्ही मिरचीची आग भडकवतात. आम्ही आधी साधे कुरमुरे घेतले आणि चाखून झाल्यावर मिरची बेताची घातलेली कोथिंबीर वडी. तळणीचा स्निग्धपणा त्या कडूला छान झेलतो. जुनं, खारट चेडार चीजही उत्तम.

५१० मिलीच्या एका बाटलीत साधारण ४१ मिली शुद्ध मद्य असतं, म्हणजे ५ टक्क्यांच्या छोट्या ३३० मिली बिअरच्या जवळपास अडीच बाटल्या. चवीच्या ओघात हे कळत नाही. म्हणून एक बाटली दोघा-तिघांत वाटा, आणि त्या रात्री गाडीची किल्ली हातात घेऊ नका. उघडलेली बाटली झाकून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचीही नाही, सकाळपर्यंत वास गेलेला असतो.

शेवटचे दोन घोट मात्र मुद्दाम मागे ठेवा. ग्लास तळव्यात धरून दहा मिनिटं ऊब द्या आणि मग हुंगा. साल आणि चीक मागे सरतात, खालून बिस्किटासारखा भाजक्या धान्याचा वास वर येतो. मामाने तो हुंगून वहीत स्वतःच्या हाताने शेवटची ओळ लिहिली: “पिकायला घातलेल्या आंब्याच्या अढीतला पेंढा.”