पोत्यात भरलेलं भूस : माळरानावरच्या इंटर्नशिपचं पहिलं वर्ष

गेल्या महिन्यात तिघांनी मला एकच विचारलं, "ताई, माळरानावर इंटर्नशिप करायचीय, फॉर्म कुठे भरायचा?" फॉर्मचं सोडा, तो कुणीही भरेल. त्यापुढचं, म्हणजे उजाड माळावर देशी गवत परत आणायचं काम कसं असतं ते सांगते, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझा एक आख्खा पावसाळा वाया गेला.

आधी एक गोष्ट स्पष्ट. माळढोक हा दुर्मिळ पक्षी बघायला येणार असाल तर येऊ नका. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, पुढे ते सुमारे १२२२ वर आणलं. देशात उरलेले माळढोक दीडशेच्याही आत, आणि त्यातले बहुतेक तिकडे जैसलमेरच्या वाळवंटात. मी दोन वर्षांत एकही पाहिला नाही. काळवीट मात्र रोज दिसतात. खोकड दिसतं, धाविक पक्षी दिसतो, आणि पहाटे लवकर गेलात तर धुळीत लांडग्याचे ताजे पंजे दिसतात. त्या पंजांचा फोटो काढा, जागा कुणाला सांगू नका.

आमचा तुकडा अभयारण्याच्या हद्दीबाहेर होता. एका गावाचं गायरान, चरून चरून टक्कल पडलेलं. काम एवढंच की तिथे देशी गवत परत आणायचं. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याला आडोशापुरतं गवत लागतं आणि चहूकडे मोकळी नजर लागते. झाडांची दाटी त्याला परकी. पण सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलं की सगळ्यांना वाटतं जमीन रिकामी आहे, जून आला की निघाले झाडांसाठी खड्डे खणायला. माळावर गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडं लावणाऱ्यांना मी हल्ली लांबूनच नमस्कार करते. एखादी बोर, एखादं हिवर, तुरळक बाभळी, ही माळाची स्वतःची झाडं. तेवढी पुरेत.

आता माझं भूस.

ऑक्टोबरात मला बी गोळा करायला पाठवलं. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी या देशी गवतांचं. मी हुशार विद्यार्थिनी, बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र, मला काय अवघड? विळ्याने सपासप कापत सुटले. आठ दिवसांत अकरा पोती. युरियाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पोत्यांत दाबून भरली, पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर वजन केलं आणि संस्थेच्या साहेबांना फोटो पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला. आमच्याबरोबर रोजंदारीवर एक म्हातारे तात्या होते, जन्म मेंढरामागे गेलेला. ते पोत्याजवळ आले, आत हात घातला, मूठ उघडून फुंकर मारली आणि म्हणाले, "काय भरायलीस पोरी, भूस?"

मी हसले. तिथेच चुकले.

गवताचं बी म्हणून जे हातात येतं ते बी नसतं, ते बियाचं टरफल असतं. आत दाणा असेलच असं नाही. आपल्या माळावरच्या या गवतांत कणिशकं, म्हणजे ओंबीतले बारीक फुलोरे, जोडीने असतात. एक बिनदेठाचं, कुसळ असलेलं, त्यात दाणा धरतो. दुसरं देठाचं, ते बहुधा नर, त्यात दाणा धरतच नाही. म्हणजे उत्तम पिकलेल्या ओंबीतलाही निम्मा माल पोकळ. वर ओंबी एकदम पिकत नाही. शेंड्याकडून खाली पिकत येते. शेंडा गळायला लागतो तेव्हा बूड हिरवंच असतं. मी विळ्याने कापलं तेव्हा शेंड्याचं पिकलेलं बी आधीच जमिनीवर सांडलं होतं आणि माझ्या पोत्यात आला तो खालचा कच्चा भाग. पोतं जड का लागलं? ओलं होतं म्हणून. प्लास्टिकमध्ये ते तापलं, बुरसलं. डिसेंबरात पोतं उघडलं तेव्हा मुरघासासारखा आंबूस वास आला. तरी मी ते सुकवून पेरायला ठेवलं, कारण अकरा पोत्यांचा आकडा अहवालात जाऊन बसला होता.

म्हणून हे कराच. ओंबीचा शेंडा दोन बोटांत धरून हलकं ओढा. सहज हातात आलं तर पिकलंय, ओढावं लागलं तर चार दिवसांनी परत या. कापू नका, हाताने ओरबाडा. एकाच जागी तीनदा जावं लागतं, इलाज नाही. घरी आणलं की सावलीत चादरीवर पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा, आठवडाभराने सुती किंवा तागाच्या पिशवीत भरा. मग शंभर कणिशकं मोजून घ्या, तळहातावर चोळा, आणि किती दाणे निघतात ते वहीत लिहा. पोत्यांचं वजन लिहू नका. माझ्या उरलेल्या मालातून शंभरात सात निघाले. सात!

दाणा असला तरी लगेच उगवत नाही, हेही ऐका. कुसळीसारख्या गवतांचं ताजं बी काही महिने झोपलेलं असतं. नोव्हेंबरात ओल्या फडक्यात ठेवून एकही मोड आला नाही म्हणून रडत बसू नका, मी बसले होते. मार्च-एप्रिलमध्ये परत बघा. आणि एक गंमत करून बघा: कुसळीचं एक पिकलेलं बी ओल्या तळहातावर ठेवा. मिनिटाभरात कुसळ पिळा सोडत गोल फिरायला लागतं. ते बी असंच मातीत स्वतःला खुपसून घेतं. माझ्या तळहातावर ते पहिल्यांदा फिरलं तेव्हा वाटलं, पगार नसला तरी चालेल. (चालत नाही. त्याबद्दल पुढे.)

पेरणीतही मी माती खाल्ली. मेच्या मध्याला ट्रॅक्टरने नांगरून घेतलं आणि बी खोल टाकलं. जे वर राहिलं ते मुंग्यांनी पाऊस यायच्या आत वारुळात नेलं. नांगरटीने खालचं सगळं तण जागं झालं. ऑगस्टात तिथे गुडघाभर तरोटा आणि गाजरगवत, मधे पवन्याचे मोजून नऊ ठोंब. दुसऱ्या वर्षी तात्यांनी सांगितलं तसं केलं. दोन चांगले पाऊस पडू दिले, बी ओलसर मातीत आणि शेणखतात कालवून वरच्या वर फेकलं, आणि त्यावरून बाभळीचा काटेरी फांदा ओढला. बस्स. नांगर नाही, जेसीबी नाही. सप्टेंबरात तिथे पाय ठेवायला जागा शोधावी लागली.

यात शॉर्टकट सुचवणारे भेटतील. बाजारातून स्टायलोचं बी आणा, भराभर हिरवं होतं. होतं, पण तो परदेशी चारा आहे. त्याने फोटो हिरवा होतो, माळ होत नाही. शाळेच्या पोरांकडून बीजगोळे करून घेण्यालाही माझा विरोध नाही, फक्त गोळ्यात दाणा आहे का ते आधी बघा. वेडी बाभूळ काढायला सांगितली तर वरून तोडू नका, एका बुंध्याचे दहा फुटवे होतात. बुडाशी खणून, जिथून फुटवे येतात तो भाग मुळासकट काढावा लागतो. हात सोलून निघतात.

मार्गदर्शक निवडताना पदवी बघू नका असं मी म्हणणार नाही, ओंबीतल्या जोड्यांचं मला एका प्राध्यापिकाबाईंनीच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पण जे साहेब फक्त अहवालाच्या तारखेला फोन करतात, त्यांच्या हाताखाली तुम्ही पोतीच भराल. पहिल्या दिवशी विचारा, "तुम्ही माळावर शेवटचं कधी गेलात?"

पैशाचं सरळ बोलते. मला पहिले पाच महिने मानधन मिळालं नाही, पेट्रोल घरून. घरची परिस्थिती तशी नसेल तर आधी लेखी घ्या, लाजू नका. आणि वनक्षेत्रात पाऊल टाकण्याआधी परवानगीचा कागद खिशात हवाच.

बाकी बारीकसारीक. लोकरी मोजे नकोत, कुसळं निघता निघत नाहीत. सुळसुळीत पँट, घोट्याच्या वरपर्यंत बूट. दगड उलटताना आधी काठी, फुरसं असतं. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत काम संपवा, चाळिशीच्या वर पारा गेला की हुशारी चालत नाही. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुपारपर्यंत खराब होत नाही. पहिले दोन महिने सगळं गवत एकसारखंच दिसेल. घाबरू नका, मलाही दिसायचं. रोज एक ओंबी वहीत चिकटवा, दिवाळीपर्यंत लांबून ओळखाल.

यंदाचं बी आमच्या गच्चीवर वाळतंय. आई चादरी द्यायला तयार नाही, तिच्या साडीत अजून मागच्या वर्षीची कुसळं सापडतात. ऑक्टोबरात येणार असाल तर घरून एक जुनी चादर आणि जमलं तर एक सूप घेऊन या, आमच्याकडची दोन्ही सुपं फाटलीत.